कपाळावरचा पृष्ठताण

विज्ञानकथा लिहिणं म्हणजे पोरखेळ नव्हे, हे मी आधीच बजावून ठेवतो! लोक काय वाटेल ते लिहितात. यानाचा कप्तान 'एक विचित्र यंत्र' काढतो, त्यातून 'कसलासा किरण' निघतो आणि समोरचा प्राणी 'कुठेतरी' नाहीसा होतो. अरे, कसलासा म्हणजे कसला? कुठेतरी म्हणजे कुठे? वाचकाने काय तुमचं घोडं मारलंय? तेव्हा मी ठरवलं, आपली कथा अशी लिहायची की शास्त्रज्ञाने भिंग लावून वाचली तरी त्याला एक शब्द चुकीचा सापडता कामा नये. सापडलाच तर मिशी उतरवीन, असंही मी घरात जाहीर केलं. मला मिशी नाही, ही गोष्ट वेगळी.

काटेकोरपणा माझ्या रक्तातच आहे. मी खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत माहितीपत्रकं लिहितो. खुर्ची मागे 'कलते' की मागे 'रेलते' यावरून मी एकदा आमच्या विक्रीप्रमुखांशी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भांडलो होतो. असा माणूस अंतराळात गेला तर काय करील, तुम्हीच सांगा!

मी एक भलाथोरला परिभाषाकोश विकत आणला. पोळपाटाला टेकण हवं असलं तर बायको तोच वापरी, इतका तो भक्कम होता. माझी पद्धत अगदी सोपी होती. आधी कथा साध्या मराठीत लिहून काढायची, मग एकेक साधा शब्द उपटायचा आणि त्या जागी कोशातला शास्त्रीय शब्द लावायचा. 'कप्तानाच्या कपाळाला आठ्या पडल्या' हे वाक्य कोणीही लिहील. मी लिहिलं, 'कप्तानाच्या कपाळावरचा पृष्ठताण वाढला.' आवाज घोगरा झाला, असं न म्हणता 'आवाजाची श्यानता वाढली' असं म्हटलं; श्यानता म्हणजे काकवीला असतो तो दाटपणा. कप्तानाचं लग्न होऊन बारा प्रकाशवर्षं झाली होती. अंतराळात साधी वर्षं कशी चालतील हो?

एवढं करूनही कथेचा गाभा काही सापडेना. यानाला काहीतरी संकट हवं आणि त्यावर शास्त्रशुद्ध तोडगा हवा. तो मला आमच्या स्वयंपाकघरात सापडला. इथूनच माझी साडेसाती सुरू झाली.

माझी बायको रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत संशोधक आहे. भिंतींचे रंग नव्हेत, गाड्यांचे. गेली कित्येक वर्षं ती एका वेगळ्याच रंगाच्या मागे लागली होती. गाडीला ओरखडा उठला की हा रंग आपला आपण तो भरून काढतो. बाजारात अजून आलेला नव्हता, त्यामुळे सगळं गुपचूप. मोठ्या साहेबांसमोर तिला या रंगावर बोलायचं होतं, आणि ते बोलणं जमलं की प्रयोगशाळेचं प्रमुखपद तिच्या पदरात पडणार होतं. आजवर तिने तीन प्रमुख पाहिले होते. तिघांच्याही चुका तिनेच निस्तरल्या होत्या.

या भाषणाची तालीम ती माझ्यासमोर करायची. मी भाजी चिरत बसायचो आणि ती ओट्याला टेकून बोलायची.

"हे सगळं गुपित ना गं?" मी एकदा विचारलं.

"हो."

"मग मला कसं सांगतेस?"

"तुला सांगितलं काय आणि या दुधी भोपळ्याला सांगितलं काय!" ती म्हणाली. "तुझ्यासारखा श्रोता शोधून मिळणार नाही. मान डोलावतोस आणि डोक्यात काही राहत नाही."

मी हे प्रेमाने घेतलं. पण डोक्यात राहत होतं! रंगात म्हणे इतक्या बारीक कुप्या असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ओरखडा उठला की त्या फुटतात, त्यांतला द्रव बाहेर येतो आणि घट्ट होऊन चीर बुजवतो. मी भोपळा चिरता चिरता थबकलोच. गाडीच्या जागी यान! ओरखड्याच्या जागी उल्केचा तडाखा! मी कुप्यांना 'सूक्ष्मसंपुटं' केलं, द्रवाला 'उत्प्रेरक' केलं आणि कथा संपवूनच खुर्चीवरून उठलो.

तिला दाखवायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. तेवढी अक्कल असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली असती का? मला तिला चकित करायचं होतं. शिवाय तिने दोन चुका काढल्या असत्या तर? कथा मी परस्पर एका विज्ञान मासिकाकडे पाठवली.

संपादकांचा फोन आला. "असं काही आम्ही आजवर छापलेलं नाही!" ते म्हणाले.

मला गहिवरून आलं.

"पण एक शंका आहे," ते पुढे म्हणाले. "यातलं शास्त्र कोणा जाणकाराने पाहिलंय ना?"

आता यावर माणसाने काय म्हणावं? 'नाही' म्हणावं! मी म्हणालो, "पाहिलंय म्हणजे काय! आमच्या घरातच शास्त्रज्ञ आहे!" आणि त्याच भरात लेखकाचा परिचयही सांगून टाकला. तो त्यांनी कथेच्या शेवटी चौकटीत छापला. 'लेखकाच्या पत्नी वाहनांच्या रंगांवर संशोधन करतात. कथेतील सर्व शास्त्रीय तपशील त्यांनी स्वतः तपासून दिले आहेत. लेखक त्यांचा आजन्म ऋणी आहे.'

अंक आला त्या दिवशी मी तो टेबलावर असा ठेवला की दारातून आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा. बायको कामावरून आली. तिने पर्समधून दुसरा एक अंक काढला आणि माझ्या अंकावर ठेवला.

"तुझ्याकडे आधीच आला?" मी हरखून विचारलं. "कशी वाटली?"

"शेवटची चौकट वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच."

मी वाचली. अगदी भावनेने वाचली. 'आजन्म ऋणी' या शब्दांवर थोडा थांबलोसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"हा अंक मला साहेबांनी दिला. त्यांच्या मुलीकडे येतो. मला रंगाच्या कामातून बाजूला केलंय. सोमवारी चौकशी आहे. माझ्यावर दोन आरोप आहेत. एक म्हणजे मी कारखान्याचं गुपित फोडलं."

"आणि दुसरा?"

"हे सगळं मी तपासलं."

"अगं, पण..."

"त्यातला दुसरा जास्त लागला मला," ती म्हणाली आणि पाय धुवायला निघून गेली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एखादं भांडं आपटलं असतं तरी चाललं असतं. ती शांतपणे जेवली, ताट घासलं आणि उद्याचे कपडे काढून ठेवले. प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट तिने सवयीने काढला आणि पुन्हा कपाटात अडकवला. तो कोट पाहून मला माझीच इतकी शरम वाटली की मी परिभाषाकोश पलंगाखाली सारला. पुढचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मी तीनदा माफी मागितली. तिन्ही वेळा तिने 'हं' म्हटलं.

रविवारी तिचा धाकटा भाऊ आला. तो वकील आहे. अंक वाचता वाचता त्याच्या भुवया वर चढत गेल्या, त्या खाली येईचनात.

"भावोजी," तो म्हणाला, "गुन्हा करून लपणारे खूप पाहिले. जाहीर आभार मानून गुन्हा करणारे तुम्ही पहिलेच!"

"आता काय करायचं?"

"तुम्हालाही बोलावलंय ना? मग तिथे एकच करायचं. मूर्ख दिसायचं. या माणसाला यातलं काही कळणंच शक्य नाही, असं त्यांना वाटलं की ताई सुटली. जमेल?"

मी विचार करायला लागलो.

"जमेल," बायको म्हणाली. दोन दिवसांत तिने उच्चारलेला हा पहिला धड शब्द होता.

सोमवारी आम्ही कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो. भिंतीवर रंगांच्या नमुन्याचे पत्रे ओळीने लावलेले, मधोमध लांब टेबल. खुर्च्या नेमक्या आमच्याच कंपनीच्या होत्या. माझ्या खुर्चीची पाठ चुकीच्या खाचेत अडकवलेली होती, पण मी तोंड उघडलं नाही. मूर्ख दिसायचं होतं ना! समोर मोठे साहेब होते. त्यांच्या शेजारी कंपनीच्या वकीलबाई, पेन उघडं धरून. आणि टोकाला एक निवृत्त प्राध्यापक. कथेतून गुपित कितपत फुटलंय ते ठरवायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

प्राध्यापकांनी अंक उघडला. "मी जागोजागी खुणा केल्यात," ते म्हणाले. "परवानगी असेल तर वाचतो. 'कप्तानाच्या कपाळावरचा पृष्ठताण वाढला.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पृष्ठताण पाण्याच्या थेंबाला असतो. कप्तान पातळ होता का?"

"नाही, तसा धडधाकट होता," मी म्हणालो.

साहेबांना खोकला आला.

"'बाहेर तापमान उणे पाचशे अंश होते.' विश्वात कुठेही उणे दोनशे त्र्याहत्तरच्या खाली जाता येत नाही, अहो गृहस्थ! पुढे. 'यानाच्या इंजिनाचे अर्धायुष्य संपले होते, पण हप्ते बाकी होते.' पुढे. 'निर्वात पोकळीत कानठळ्या बसवणारा स्फोट झाला.' हवाच नाही तर आवाज कशातून येणार? आणि कान तरी कुणाचे?"

"कप्तानाचे," मी पुटपुटलो.

"त्याला बारा प्रकाशवर्षं लग्नात काढून काही ऐकू येत होतं का?"

या वेळी वकीलबाईसुद्धा हसल्या. सगळं मेव्हण्याने सांगितलं तसंच चाललं होतं. मी मूर्ख दिसत होतो, आणि त्यासाठी काही करावंही लागत नव्हतं. बायकोचे खांदे थोडे सैल झाले होते. मी गप्प बसून राहिलो असतो तर पाच मिनिटांत आम्ही घरी गेलो असतो.

पण प्राध्यापकांनी अंक मिटला आणि साहेबांना म्हणाले, "सगळा अंदाजपंचे कारभार आहे. या माणसाने परिभाषाकोश आयुष्यात कधी उघडलासुद्धा नसेल."

काय सांगू तुम्हाला! माणसाला मूर्ख म्हणा, चालेल. पण आळशी?

"उघडलाय!" मी उठून उभाच राहिलो. "एकेक शब्द कोशातून काढलाय! पदरचे पैसे मोजून आणलाय! आणि यानाच्या भिंतीचं म्हणाल तर तो अंदाज मुळीच नाही, ते मी प्रत्यक्ष या कानांनी ऐकून..."

वकीलबाईंचं पेन कागदावर टेकलं.

"ऐकून?" त्या म्हणाल्या. "कोणाकडून?"

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोरच्या पत्र्यांकडे पाहत होती. त्यातला एक निळा पत्रा तिने स्वतः रंगवलेला होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की हिची इतक्या वर्षांची मेहनत मी माझ्या कोशाच्या अब्रूसाठी पाण्यात घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना? मी खाली पाहिलंसुद्धा. फरशी पक्की होती.

"ऐकून म्हणजे... मनातल्या मनात ऐकून," मी म्हणालो. "लेखकांना ऐकू येतं तसं."

"असं? मग सांगा पाहू, काय ऐकलंत? भिंत कशी बुजते?"

खोटं बोलायचं, असं मी त्याच क्षणी ठरवलं. साफ खोटं, वाटेल ते! पण खोटं बोलायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. ते मला कुठे माहीत होतं? नेमकं काय सांगितलं म्हणजे गुपित फुटेल आणि काय सांगितलं म्हणजे फुटणार नाही, याचा मला पत्ताच नव्हता. शेवटी घामाघूम होऊन मला जे समजलं होतं तेच सांगायला लागलो.

"भिंतीत सूक्ष्मसंपुटं असतात. उल्का आपटली की ती फुटतात आणि आतला उत्प्रेरक बाहेर येतो. तो भिंतीच्या गुरुत्वाकर्षणाला जागं करतो."

"जागं करतो," प्राध्यापक म्हणाले.

"हो. मग भिंतीचे दोन्ही काठ एकमेकांकडे ओढले जातात. मधे जी फट राहते ती निर्वात असते. म्हणून ती नाहीशी होते."

"का?"

"निर्वात म्हणजे काहीच नाही, बरोबर? जिथे काहीच नाही तिथे फट तरी कुठून असणार?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. डोळ्यांना रुमाल लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. साहेब खुर्चीत मागे रेललेच, म्हणजे कललेच, ते वर येईनात. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. आणि बायको? ती टेबलावर डोकं टेकून गदगदत होती. हसत होती की रडत होती ते मला अजून माहीत नाही.

"बाई," प्राध्यापक शेवटी तिला म्हणाले, "दुसऱ्या आरोपाची चौकशी करायचं कारणच नाही. हे तुम्ही तपासलं असतं तर आज इथे नव्हे, कौटुंबिक न्यायालयात भेटला असतात. आणि साहेब, तुमचं गुपित अगदी सुखरूप आहे. या गृहस्थांना ते कागदावर लिहून दिलंत तरी सुखरूप राहील!"

मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी मात्र मला जे म्हणायचं होतं ते साधं होतं. "चूक माझी आहे. हिने त्यातलं एक अक्षरही पाहिलेलं नव्हतं. ती चौकट मी फुशारकीपोटी सांगितली." आवाज जरा चिरकला. त्याला शास्त्रीय भाषेत काय म्हणतात ते मी आठवायचा प्रयत्नही केला नाही.

साहेबांनी बायकोला रंगाचं काम त्याच दुपारपासून परत दिलं. भाषणही ठरल्या दिवशीच होणार होतं. एकच अट होती. मासिकाच्या पुढच्या अंकात खुलासा छापून यायला हवा. वकीलबाईंनी तो तिथल्या तिथे सांगितला. 'या कथेचा विज्ञानाशी काहीही संबंध नाही, आणि लेखकाच्या पत्नीचा या कथेशी काहीही संबंध नाही.'

बायको मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिने पांढरा कोट घातला होता. कारखान्याच्या भिंतीच्या कडेने आम्ही चालत होतो. मी तिची चौथ्यांदा माफी मागितली, आणि या वेळी ती 'हं' म्हणाली नाही. माझ्या शर्टाची उलटी वळलेली कॉलर तिने सरळ केली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "ओरडायचं नाही."

"सांग."

"तुझ्या कथेत कप्तानाची सासू आहे बघ. अंतराळयानात सासू कशासाठी आणलीस ते देव जाणे. ती संपुटांचं मिश्रण ढवळणाऱ्या जावयाला ओरडते, 'अहो, सारखं ढवळत काय बसलात? झाकण ठेवा आणि निवू दे आपलं आपण!'"

"ते होय! तिथे मला एकही शास्त्रीय शब्द घालता आला नाही. कोशात 'निवणं' मिळेना. कंटाळून तसंच ठेवलं."

"तेच आमचं गुपित आहे."

मी जागच्या जागी थांबलो.

"जगातले सगळे लोक त्या कुप्या बनवताना मिश्रण थंड होईस्तोवर ढवळतात आणि मग त्या फुटतात. आम्ही ढवळायचं थांबवतो, झाकण ठेवतो, बस्स. एवढं कळायला मला चार वर्षं लागली. मी ते ओट्याशी उभी राहून बोलले असणार, आणि तू सासूच्या तोंडी घातलंस." तिचा आवाज अगदी खाली आला. "प्राध्यापकांनी पृष्ठताणाला खूण केली, प्रकाशवर्षांना केली. त्या वाक्यावरून त्यांची नजर सरळ पुढे गेली. मी श्वास रोखून बसले होते रे! त्यात मोठा शब्द असता तर ते थांबले असते, आणि मी आज या कोटात नसते."

हिचं सगळं आयुष्य एका सासूच्या तोंडी लटकत होतं आणि ते तिथे लटकवलं होतं मी. खाली मान घालून गप्प उभं राहायचं, एवढंच मला करायचं होतं. कोणीही शहाणा माणूस तेच करील.

"म्हणजे," माझ्या तोंडून निघून गेलं, "कथेत एक तरी वाक्य शास्त्रशुद्ध होतं म्हणायचं!"

ती तशीच वळली आणि कारखान्याच्या आत चालू लागली. मला शरम वाटली हो, भयंकर वाटली. पण खोटं कशाला सांगू, शरमेच्या आधी क्षणभर आनंद झाला होता. आणि आता मला त्याचीच जास्त शरम वाटते.